फायनलला कोण जाणार?

अबुधाबीतल्या आमच्या शाळेत नीतिमूल्यांवरच्या चर्चेची आंतरशालेय स्पर्धा दरवर्षी हुमेरा मॅडमच्याच गळ्यात पडायची. २००१ साली त्यांनी विषय दिला, ‘कंपनीने कामगाराचा पासपोर्ट स्वतःकडे ठेवणं योग्य का?’

“इट्स सिम्पली राँग!” असं ठणकावून आमचीच मुलं जिंकली. चेअरमन सरांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. “फायनलला मुंबईला मुलांबरोबर हुमेरा मॅडम जातील!”

दुसऱ्या दिवशी मॅडम शाळेच्या कपाटातला आपला पासपोर्ट मागायला चेअरमन सरांकडे गेल्या.

“देतो ना. पण तुम्ही परत याल याची गॅरंटी काय? बदल्यात मिस्टरांचा पासपोर्ट आणून ठेवा, खलास.”

मॅडम थकून खुर्चीत टेकल्या.

“सर, तो मुसफ्फाच्या इंडस्ट्रियल एरियात, त्यांच्या कंपनीच्या कपाटात आहे.”