तळघरातला फोन

दोन्ही डब्यांचे हिरवे दिवे लागले, पण आईच्या उशाशी ठेवलेला फोन वाजेना.

"एवढ्याशा डबीचे काय हे नखरे," आई म्हणाली. "हिच्यापेक्षा तुझे बाबा बरे. निदान भांडतात तरी."

लेक हसली नाही. मांडीवरच्या लॅपटॉपवर तिने खालच्या डबीचा नेटवर्कवरचा पत्ता पुन्हा वाचला, एकेक आकडा करून. एक डबी तळघरात, बाबांच्या बाइंडिंगच्या दुकानात, टेलिफोनच्या लाईनला जोडलेली. दुसरी इथे तिसऱ्या मजल्यावर, आईच्या पलंगापाशी. मधे दुकानातल्या कॅमेऱ्यासाठी टाकलेली नेटवर्कची केबल. खाली आलेली रिंग त्या केबलमधून वर यायला हवी होती, एवढंच. ऑफिसात हे काम तिने कितीदा तरी केलं होतं.

बाबा कालपासून घरी नव्हते. अलीकडे त्यांना रस्ते आठवत नसत, वार आठवत नसत. दुकानाचा नंबर तेवढा पक्का होता. चाळीस वर्षं प्रत्येक वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर त्यांनी स्वतः त्याचा शिक्का मारला होता. आज सकाळी नऊला दुकानातला फोन वाजला, तेव्हा ती त्याच्यासमोरच बसून होती.

"बाबा! कुठे आहात तुम्ही?"

आवाज त्यांचाच होता. अगदी नम्रपणे, "माफ करा हं, राँग नंबर लागला." आणि फोन बंद.

फोन जुना, नंबर दाखवत नाही. कुठून आला ते उद्या दुपारपर्यंत कळेल, असं पोलीस चौकीत सांगितलं.

"माझा आवाज असता तर ठेवला नसता त्यांनी," आई तेव्हापासून म्हणत होती. ते खरं होतं. पण आईच्या खुब्यात सळई बसवून आठवडाच झाला होता. तळघरात मोबाईलला रेंज नव्हती. आणि जिन्यातून वर येणारी फोनची जुनी वायर रंगकाम करणाऱ्यांनी तोडून ठेवली होती.

पत्त्यातला शेवटचा आकडा चुकला होता. तिने तो सुधारला, जिन्यात गेली, मोबाईलवरून दुकानाचा नंबर लावला. आत फोन वाजला.

"हॅलो, बाइंडिंग."

"अगं आई, मी आहे."

"माहीत आहे. सवय जात नाही. छान येतोय गं आवाज."

तिने मोबाईल बंद केला आणि आत आली. आईने रिसीव्हर जागेवर ठेवला होता. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. चालू झाल्याचा निरोप तिने धाकट्या भावाला पाठवला. तो कालपासून गाडीवर गावभर फिरत होता.

"आणखी एकदा लावून बघायचं का?"

"नको. तेवढ्यात त्यांचा आला तर? लाईन मोकळी असू दे."

आईने हातानेच केस सारखे केले. "आधी काय बोलू?"

"नेहमी काय बोलतेस?"

"अहो म्हणते. दुसरं काय."

"रागावू नकोस फक्त."

"रागावले नाही तर त्यांना मीच राँग नंबर वाटेन."

मग दोघी वाट बघत बसल्या. फोन वाजला नाही. आईने दोनदा पाणी मागितलं आणि दोन्ही वेळा प्यायली नाही.

एकला दहा कमी असताना मोबाईल वाजला. भाऊ होता.

"ताई, स्टँड बघितलं, दोन्ही दवाखाने बघितले, नाहीत. आणि तुम्ही कुणाशी बोलताय? लागतो का बघावं म्हणून अर्धा तास लावतोय, सारखा एंगेज!"

तिने फोनकडे पाहिलं. रिसीव्हर जागेवर होता.

ती तीन जिने धावत उतरली. तळघरात खळीचा वास होता आणि खालच्या डबीचा लाल दिवा जळत होता. लाईन चालू. वर आईने फोन ठेवल्याचा निरोप या डबीपर्यंत आलाच नव्हता, आणि पलीकडून फोन बंद झाल्याचा टोन डबीला ओळखता येत नव्हता. कुणीही नसलेलं ते बोलणं तिने चाळीस मिनिटं धरून ठेवलं होतं. फोन उचलला जातो का, ते लेकीने तपासलं होतं. ठेवला जातो का, ते नाही.

तिने डबीतून लाईन ओढून काढली आणि जुन्या फोनात घालू लागली. क्लिप उलटी गेली. तिने ती फिरवली. खट्ट झालं.

आणि फोन वाजला.

तिने वर जिन्याकडे पाहिलं. दुसरी रिंग. तिसरी. तिने रिसीव्हर उचलला. बाबा म्हणायला उघडलेलं तोंड तिने मिटलं.

"अहो," ती म्हणाली. आवाज खाली ओढून, जरासा रागावून, आई थांबते तिथे थांबून.

पलीकडे गाड्यांचे आवाज होते. कुणाचा तरी श्वास.

"अगं काय हे! केव्हाचा लावतोय. एंगेज, एंगेज. कुणाशी एवढ्या गप्पा चालल्या होत्या?"

तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"लेकीशी."

"हं. मग असू दे."

"फोन कुणाचा आहे? त्यांना द्या बरं जरा."

"देतो. आधी ऐक." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "मी कुठे आलोय, मला कळत नाहीये. पण पोरीला सांगू नकोस. उगाच घाबरेल."