सतरा नंबरची तिसरी सकाळ

सतरा नंबरने हात बाहेर काढला नाही.

डॉ. साक्षी रामटेके पिंजऱ्यासमोर ट्रे घेऊन उभी होती. ट्रेमध्ये सुई, रबरी पट्टी, कापूस. पिंजऱ्याला हात बाहेर येईल एवढी खिडकी होती. गेली अकरा वर्षं ट्रेचं झाकण वाजलं की या माकडिणीचा हात त्या खिडकीतून बाहेर येई. परवा आला नाही, काल आला नाही. आजही ती मागच्या फळीवर भिंतीकडे तोंड करून बसून राहिली.

“तिसरा दिवस,” साक्षी म्हणाली.

गोरेगावजवळच्या त्या संशोधन केंद्रात यंदापासून नवा नियम आला होता. माकड आपणहून हात देत असेल तरच रक्त घ्यायचं. सलग तीन दिवस त्याने नकार दिला, तर ते प्रयोगातून कायमचं मोकळं. मग त्याला तलावाकडच्या खुल्या आवारात सोडायचं. सतराने आज हात दिला, तर सोमवारपासून ती आणखी तीन वर्षं डॉ. पटल्यांच्या प्रयोगात राहणार होती.

डॉ. इंद्रकुमार पटले दारातच उभे होते.

“काय शिकवलंत तिला?”

“काही नाही, सर.”

“अकरा वर्षं हात देणारं जनावर अचानक नाही म्हणतं? पाहुणे आले की मी मुद्दाम हिच्यापाशी आणायचो. इतक्या राजीखुशीने हात देणारी दुसरी नव्हती.”

माकडांची देखभाल करणाऱ्या अनुसयाबाई कोपऱ्यात उकडलेले शिंगाडे सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“राजीखुशी काहीची, सायेब? पोलीसवाल्यानं बंदूक रोखली का माणूस बी हात वरते करते.”

साक्षीने वही पुढे केली. “चाळीस दिवस एवढंच केलं, सर. हात दिला तरी शिंगाडा, नाही दिला तरी शिंगाडा. हात देताना भीतीने तिचे ओठ ताणले गेले, दात दिसले, की आम्ही झाकण लावून निघून जायचो.”

“मग फुकट हात देणार कोण?”

“चौदा नंबर देते. रोज. सुई काढली तरी हात तसाच ठेवते.”

“वरून खाजवून मांगते,” अनुसयाबाई म्हणाल्या. “लय लाडाची हाय ते.”

पटल्यांनी वही उभ्या उभ्या वाचली. चाळीसही दिवस वाचले, एकही रकाना सोडला नाही. मग चष्मा सारखा केला.

“ट्रे इकडे द्या. आजची नोंद मी करणार. कोणी बोलायचं नाही.”

त्यांनी झाकण लावलं आणि पुन्हा उघडलं. खट्.

सतराने मान वळवली. फळीवरून खाली उतरली. खिडकीजवळ आली. आधी बोटं बाहेर आली, मग मनगट, मग कोपर. कोपराच्या आतल्या बाजूची कातडी सुयांनी जाड झाली होती. तिचे ओठ मागे ताणले गेले, दात दिसले.

अनुसयाबाईंच्या हातातला शिंगाडा अर्धा सोललेलाच राहिला.

पटल्यांनी रबरी पट्टी उचलली.

सतराने पट्टीकडे पाहिलं. पटल्यांकडे पाहिलं. मग हात आत घेतला. झटका दिला नाही, घाई केली नाही. दुसऱ्याकडे राहिलेली आपली वस्तू परत न्यावी, तसा नेला आणि काखेत धरला. मग तिने भुवया वर ताणल्या, तोंड गोल उघडलं आणि पटल्यांच्या डोळ्यांत रोखून पाहत म्हणाली, “खुक्!”

पटले एक पाऊल मागे सरले.

“हिनं मला धमकावलं?”

“हो, सर,” साक्षी म्हणाली. तिला हसू आवरेना. “अगदी रीतसर. अकरा वर्षांच्या कागदांत याची एकही नोंद नाही.”

“शाबास, माय!” अनुसयाबाई उठल्याच. “सायबाले डाटून राहिली, पाहा!”

पटल्यांनी खिशातला पेन काढला. तिसऱ्या चौकटीत ‘नकार’ लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली. ‘खुल्या आवारात सोडावे’ या ओळीपुढेही सही केली. अनुसयाबाईंनी जाळीतून शिंगाडा सरकवला. सतराने तो घेतला आणि सगळ्यांकडे पाठ करून सावकाश खाल्ला.

पटले ट्रे घेऊन पिंजऱ्यांमधल्या बोळातून निघाले. झाकण लावायचं राहिलं होतं, ते चालताना खडखडत होतं. एकोणीस नंबरच्या खिडकीतून हात बाहेर आला. मग बावीसच्या. पलीकडून पंचवीसच्या. ते पुढे जात होते तसे दोन्ही बाजूंनी हात येत होते, तळवे वर, बोटं सैल. हा बोळ त्यांनी किती पाहुण्यांना कौतुकाने दाखवला होता.

ते मधेच थांबले. झाकण हलक्या हाताने, आवाज होऊ न देता लावलं. हात तसेच बाहेर राहिले.

“अनुसयाबाई,” ते मागे न वळता म्हणाले, “या सगळ्यांना नाही म्हणायला किती दिवस लागतील?”

“ते मी कशी सांगू, सायेब? त्याइलेच विचारा लागंल.”