पुतळ्याचा ब्लाउज

बंद पडलेलं हृदय छाती दाबून कसं चालू करायचं, हे मी ॲम्ब्युलन्सवरच्या पोरांना शिकवते. सरावाला पुतळा एकच, पुरुषाचा. बाईचाही मागवा म्हणून सांगून सांगून घसा सुकला. काल मोठे साहेब हसले. “सिस्टर, हृदय सगळ्यांचं एकाच जागी असतं. उगाच फाटे फोडू नका.” माझं डोकंच फिरलं. आज मी पुतळ्याला कापूस कोंबलेली ब्रा घातली, वर ब्लाउज चढवून बटणं लावली आणि साहेबांसमोरच म्हणाले, “या तुमच्या शेजारच्या काकू. आत्ता कोसळल्या. वाचवा.” सगळ्यात तरबेज पोरगा गुडघ्यांवर बसला, पण हात हवेतच थांबले. “सिस्टर... हात कुठे ठेवू?” साहेब वैतागले. “सरक, मी दाखवतो.” त्यांचा हात बटणापर्यंत गेला, परत आला. “सिस्टर, तुम्हीच करा ना.” मी काकूंच्या तोंडावर चादर ओढली. “राहू द्या, साहेब. काकू गेल्या.”