भुंग्याची बटणं

“अरे घ्या ना, दाबा बटणं!” वृंदाबाई आर्जवं करत होत्या. बालवर्गातली पोरं मात्र हाताची घडी, तोंडावर बोट ठेवून सतरंजीवर ढिम्म बसली होती.

समोर ठेवलेला हा बटणांवर चालणारा खेळण्यातला रोबोट-भुंगा वर्षभर काचेच्या कपाटात कुलूपबंद होता. मोडला तर संस्थेचे लोक आपल्यालाच धारेवर धरतील, या धास्तीने कुणी काचेला नाक लावलं तरी बाई खेकसायच्या, “हात लावाल तर याद राखा!” आज तपासणीला आलेल्या मॅडमना मात्र मुलांनी स्वतः भुंगा चालवलेला बघायचा होता.

अखेर पोरांमधली ईश्वरी उठली. भुंग्याच्या पाठीवरून तिचं बोट नुसतंच फिरलं. मग बाईंकडे बघत तिने हळूच विचारलं, “बाई, कुठलं बटण दाबलं की तुम्ही ओरडत नाही?”