सरांचा निरोप

“गुरुवारी रिनाला शाळेत पाठवू नका,” उमाकांत सर म्हणाले आणि ओट्यावर टेकले.

घरासमोर कालीबाई मका सोलत बसली होती. तिला मराठी येत नव्हतं. चार वर्षं या डोंगरात काढूनही सरांना पावरी येत नव्हती. दोघांच्या मधे आठवीतली रिना उभी होती. सरांचा निरोप तिनंच आईला सांगायचा होता.

सकाळपासून सर एक पाडा उतरत होते, दुसरा चढत होते. हे अकरावं घर. गुडघे बोलायला लागले होते.

गुरुवारी तालुक्याहून माणसं आठवीची परीक्षा घ्यायला येणार होती. पटावर चौतीस मुलं. मातृभाषेच्या रकान्यात चौतीस वेळा पावरी. दिवाळी झाली की यातली निम्मी आईबापांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जात आणि होळीला परत येत. तोवर शिकलेलं बरंचसं पुसलेलं असे. गेल्या वर्षी धडा वाचता आला तो बारा जणांना. सरांना नोटीस आली. शहाद्याकडं बदलीसाठी केलेला अर्ज तसाच पडून राहिला. तिकडे त्यांची बायको मोहिनी एकटीच म्हाताऱ्या सासूचं करत होती.

यंदा केंद्रप्रमुखांनी चहा पिता पिता हसत अहिराणीत सुचवलं, “सर, कच्च्या पोरेस्ले त्या दिन ताप उना, ते आपन काय करसूत?” कच्ची पोरं तापानं घरी राहिली तर आपण तरी काय करणार, असा त्याचा अर्थ. दुसऱ्या दिवशी सरांनी कच्च्या मुलांची अकरा नावं काढली.

दहा घरी काम सोपं गेलं. बापांना मोडकंतोडकं मराठी कळत होतं. त्यांनी माना हलवल्या. का, असं कुणी विचारलं नाही. शाळेचा शिपाई भीमसिंग इथलाच. त्याला बरोबर आणलं असतं तर बोलणं आणखी सोपं झालं असतं. पण हे काम साक्षीदारासमोर करण्यासारखं नव्हतं.

यादीत रिनाचं नाव पहिलं होतं. तीन वर्षांत तिच्या तोंडून सरांनी एक सलग वाक्य ऐकलं नव्हतं. ती मागच्या भिंतीला टेकून बसायची. वाचायला उभं केलं की पुस्तकाकडं नुसती बघत राहायची. तिच्या नावापुढं सर दरवर्षी तेच लिहीत. मराठी समजत नाही. पण एवढा एका वाक्याचा निरोप तरी ती आईला सांगेल, असं ते धरून चालले होते.

रिनानं आधी सरांकडं पाहिलं. मग ती आईकडं वळली आणि बोलायला लागली. बराच वेळ बोलली. सरांचं वाक्य एवढंसं होतं, पण त्यांनी तिकडं लक्ष दिलं नाही. ते पोटऱ्या चेपत होते. कालीबाईचे हात थांबले. तिनं काहीतरी विचारलं. रिनानं न अडखळता उत्तर दिलं.

आता ही भांडणार, असं सरांना वाटलं. वर्गात जागा पुरत नाही, असं कारण त्यांनी तयार ठेवलं होतं. पण कालीबाई उठली. तिनं हात धुतले, सरांपुढं मक्याची भाकर आणि लसणाची चटणी ठेवली आणि हात जोडले. दाराशी दोन गाठोडी बांधून ठेवलेली होती. म्हणजे हे घरही तोडीला निघालं होतं, पोर तशीही राहणार नव्हतीच. सरांना जरा हलकं वाटलं. भाकर खाऊन ते डोंगर उतरले.

गुरुवारी तालुक्याची माणसं वेळेवर आली. वर्गात तेवीस मुलं रांगेनं बसली. केंद्रप्रमुख खुशीत प्रश्नपत्रिका मोजत होते. तेवढ्यात कालीबाई व्हरांड्यात आली. कडेवर तान्हं पोर, डोक्यावर गाठोडं. बरोबर रिना होती, केसांना तेल लावून चापूनचोपून वेणी घातलेली. खाली रस्त्यावर ऊसतोड टोळीचा ट्रक उभा होता आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

सर घाईनं बाहेर आले. कालीबाई घडाघडा बोलायला लागली. सरांनी भीमसिंगला हाक मारली. काय म्हणतेय ही, त्यांनी विचारलं.

भीमसिंगनं सगळं ऐकून घेतलं. मग तो जरा चाचरत म्हणाला, “सर, ही म्हणते, तुम्ही एवढा डोंगर चढून घरी आलात. रिना हुशार आहे म्हणालात. तिला तोडीला नेऊ नका, गुरुवारी परीक्षेला पाठवाच, असं म्हणालात. म्हणून पोरीला आजीजवळ ठेवून चाललीय. बारकं पोर आता स्वतःच उसात घेऊन बसेल. होळीपर्यंत रिना तुमच्या भरवशावर.”

उमाकांत सरांनी रिनाकडं पाहिलं. तिनं नजर वळवली नाही. त्या दिवशी ओट्यावर आपला शब्द न् शब्द तिला कळला होता. आपण कशासाठी आलो होतो, तेसुद्धा.

आतून केंद्रप्रमुखांनी हाक मारली. वर्गाचं दार लावायचं होतं. ही तोडीला चाललेली पोर आहे, एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. रस्त्यावर ट्रक होताच.  पण सरांनी वर्गात जाऊन एक प्रश्नपत्रिका आणली आणि रिनाच्या हातात दिली.

भीमसिंग आवाज खाली आणून म्हणाला, “सर, तुम्ही खरंच असं म्हणाला होतात?”

“हो,” सर म्हणाले. “तिला सांग, मी असंच म्हणालो होतो. निर्धास्त जा म्हणावं.”