उजवा कान

अपघातात पैलवान रेवती मगदूमचा उजवा कान गेला होता. दवाखान्यातल्या तंत्रज्ञ सुहासने पडद्यावरच्या तिच्या चेहऱ्यावर सिमेट्री चालू केली, तशी उरलेल्या डाव्या कानाची घडी न घडी उजवीकडे उमटली. आता तिच्याच पेशींतून यंत्र हुबेहूब तसा जिवंत कान वाढवणार होतं.

“बघा ताई, जोडी जमली की नाही?”

रेवती भडकली. “पुसा तो! डावा कान कुस्तीत रगडून रगडून मोडलाय माझा. उजवा धड होता. न लढता मिळालेला मोडका कान घेऊन आखाड्यात कुठल्या तोंडानं उतरू?”

सुहासने सिमेट्री बंद केली आणि पडद्यावर दुसरा, अगदी कोवळा कान हाताने कोरला; यंत्राने तोच वाढवला.

पुढच्या मोसमात ती खांद्यावर मानाची गदा घेऊन थेट मैदानातून दवाखान्यात आली. अंगावर लाल माती तशीच होती. उजवा कान सुजून पार चेंबला होता.

“अरे देवा! दुखतोय का?” सुहास घाबरला.

“दुखतोय तर! ठणकतोय नुसता!” ती खदखदून हसली. “लावा आता तुमची सिमेट्री. बघू जोडी जमतीय का.”