सोमवारची नखं

सोमवारी प्रार्थना झाली की दुसरीची मुलं नखं दाखवायला रांगेत उभी राहायची. ज्याची वाढलेली, त्याच्या दोन्ही हातांवर बाई एकेक पट्टी मारायच्या.

दुर्वाची नखं कधीच वाढलेली नसायची. आज मात्र होती, आणि त्यांत मळही साचला होता.

"दोन दिवस दांडी, वर ही नखं?" बाईंनी तिच्या उजव्या हातावर पट्टी मारली. "काल रविवार होता ना? आईला कापायला सांगायचं."

"आत्या म्हणाली, तेराव्यापर्यंत कापायची नसतात. सुतक आहे."

बाईंचा आवाज खाली आला. "कोण गेलं गं?"

"आई."

बाईंच्या हातातली पट्टी तशीच राहिली.

दुर्वाने डावा हात पुढे केला. "बाई, हा राहिला."